यिर्मया २९:११ धरून वर्षभर प्रार्थना केली, तरी घर बुडालं. मग वचन खोटं की माझा विश्वास?

सोलापूरच्या एका बहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तिने नव्या वर्षासाठी वचनाचं कार्ड उचललं. त्यावर यिर्मया २९:११ होतं : तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला भविष्याची आशा देणारे आहेत. कार्ड देव्हाऱ्यासारखं जपून भिंतीला लावलं आणि रोज ते धरून प्रार्थना केली. त्याच वर्षी नवरा कामाला होता तो टॉवेलचा कारखाना बंद पडला आणि मुलाचे बारावीला दोन विषय राहिले. आता घर तिच्या विड्यांवर चाललं आहे. प्रार्थनासभेत कोणीतरी म्हणालं, "वचन कधी खोटं नसतं, तुमचाच विश्वास कमी पडला." ती विचारते, "पाळकसाहेब, वचन खोटं की मी खोटी? आणि वचन वाचायचं तरी कसं?"

ताई, सलाम.

वचन खोटं नाही आणि तुम्हीही खोट्या नाही. तुमच्या हातात एका पत्रातली एक ओळ आली, पत्र आलं नाही. ज्यांनी कार्ड छापलं आणि ज्यांनी ते वाटलं, त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण पत्र न वाचता त्यातली एकच ओळ हाती धरली की आपल्याला हवं ते आपण त्या ओळीत भरतो. तुम्ही त्यात नवऱ्याची नोकरी आणि मुलाचा निकाल भरलात. कोणत्याही आईने तेच केलं असतं. आता ते पत्र पूर्ण उघडून बघू. ते ओळीपेक्षा जड आहे, पण तुमच्या आजच्या घराला त्या एका ओळीपेक्षा जास्त लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

इ.स.पू. ५९७ साली बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं. राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, आणि त्यांच्याबरोबर कारागीर व लोहार यांना त्याने धरून नेलं. २ राजे २४ मध्ये हे वाचा, तिथे दहा हजारांचा आकडा दिला आहे. कारागिरांचा उल्लेख यिर्मया २९:२ मध्ये पुन्हा येतो. म्हणजे हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांच्यात हाताने पोट भरणारी माणसं होती. त्यांची हत्यारं, गिऱ्हाइकं, गल्ली सगळं मागे राहिलं होतं. ज्या सोलापुरात तीन-तीन पिढ्यांची विणकर घरं तेलंगणातून येऊन वसली, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की ते स्वतःहून आले नव्हते, त्यांना कैद करून आणलं होतं.

यरुशलेम तेव्हा अजून उभं होतं. ते पडायला आणखी दहा-अकरा वर्षं होती. तिकडे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या लोकांना पत्र लिहिलं आणि ते यहोयाखीनच्या जागी गादीवर बसवलेल्या राजा सिद्कीयाच्या दूतांबरोबर, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांच्या हाती पाठवलं. अकरावी ओळ त्याच पत्रातली आहे. ती कोणा एका माणसाला त्याच्या एका वर्षासाठी दिलेली नव्हती. एका हरलेल्या, उपटून नेलेल्या समाजाला ती लिहिली होती.

पत्राच्या आधीचा, म्हणजे अठ्ठाविसावा अध्याय वाचल्याशिवाय हे पत्र कळत नाही. गिबोनचा हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू मोडेल, राजा परत येईल, मंदिराची भांडी परत येतील. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून त्याने ते मोडूनही दाखवलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया काय म्हणाला ते बघा : आमेन, परमेश्वर असं करो. त्यालाही तेच हवं होतं. पण देवाने त्याला सांगितलं ते वेगळं होतं. लाकडाचं जू मोडलंस, आता लोखंडाचं येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला.

आता एकोणतिसावा अध्याय उघडा आणि दहावी ओळ वाचा, तुमच्या कार्डावर जी नव्हती ती. बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन. सत्तर वर्षं, ताई. ज्याने हे पत्र तिशीत ऐकलं तो परत जाणार नव्हता. त्याची मुलं म्हातारी होणार होती. त्याच्या नातवंडांच्या वाट्याला ते परतणं येणार होतं. अकरावी ओळ दहावीच्या पाठोपाठ येते, आणि 'हिताचे संकल्प' हे शब्द सत्तर वर्षं धीर धरायला सांगितलेल्या माणसांना लिहिलेले आहेत. देवाने त्यांना लवकर सुटकेचं वचन दिलं नव्हतं. लवकर सुटका सांगणारा हनन्या होता.

म्हणून तुमच्या कार्डाने वर्ष संपेपर्यंत कारखाना सुरू राहील असं सांगितलं होतं का? नाही. ते तसं आहे हे तुम्हाला माणसांनी सांगितलं, किंवा कोणी न सांगता तुम्ही तसं धरून चाललात. वचन मोडलं असं म्हणायचं तर आधी ते दिलेलं असावं लागतं.

मग त्या पत्रात त्यांच्यासाठी आज, आत्ता, काही होतं की नाही? होतं, आणि पत्राचा सगळ्यात सुंदर भाग तोच आहे. पाच ते सात या ओळी. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावून द्या, तिथे वाढा, कमी होऊ नका. आणि ज्या नगरात मी तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचंही होईल. ज्या शहराच्या सैन्याने त्यांना धरून आणलं, त्या शहरासाठी प्रार्थना! यरुशलेमच्या आठवणीने रडणारे लोक स्तोत्र १३७ मध्ये बाबेलविषयी काय बोलतात ते वाचा, म्हणजे ही आज्ञा किती अवघड होती ते कळेल. शमाया नावाच्या एकाने तर बाबेलातून उलट पत्र धाडलं की हा यिर्मया वेडा झाला आहे, याला खोड्यात घाला, हा म्हणतो बंदिवास लांबणार, घरं बांधा.

त्यांनी ऐकलं का? बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. तिथल्या खेड्यांकडच्या आणखी काही पाट्यांवर 'आल-याहुदू', म्हणजे यहूदाचं गाव, अशा वस्तीचे व्यवहार आहेत. त्यांतली सर्वात जुनी पाटी इ.स.पू. ५७२ची आहे. खजुराच्या बागा, जव, खंड, कर, उसनवारी, भागीदारी, असला रोजचा हिशेब त्यांत आहे. हे तेच लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं. त्या पाट्या वाचणाऱ्या विद्वानांना त्यात पुराणवस्तू दिसतात, मला मात्र पाचवी ओळ पाळली गेलेली दिसते. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं आणि बंदिवानांना परत जाण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत परत जाण्यासाठी एक समाज शिल्लक होता, कारण मधल्या काळात कोणीतरी घरं बांधली होती, मळे लावले होते, मुलांना वाढवलं होतं. दानीएलाच्या नवव्या अध्यायात म्हातारा दानीएल यिर्मयाचं हेच सत्तर वर्षांचं वचन वाचतो आणि उपास करून प्रार्थनेला बसतो.

आणि लिहिणारा यिर्मया? त्याला फटके बसले, खोड्यात घातलं, चिखलाच्या विहिरीत सोडलं. शहराला वेढा पडलेला असताना त्याने देवाच्या सांगण्यावरून अनाथोथचं शेत आपल्या चुलत भावाकडून सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतलं, दस्तऐवज मडक्यात ठेवायला लावला, कारण या देशात पुन्हा घरं आणि मळे विकत घेतले जातील असं देवाने सांगितलं होतं. बत्तिसावा अध्याय वाचा. ते शेत त्याने कसल्याची नोंद कुठेही नाही. लोकांनी त्याला ओढून मिसरात नेलं. भिंतीवर ज्याची ओळ आपण लावतो, त्याने स्वतः ती पुरी झालेली पाहिली नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तुम्हाला ते वाक्य ऐकवलं गेलं त्याबद्दल मी आता बोलतो, कारण मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. बुडालेल्या घरातल्या बाईला "तुमचा विश्वास कमी पडला" म्हणणं हे संकटात सापडलेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांचं काम आहे, आणि शेवटी परमेश्वर त्या मित्रांवर रागावला, ईयोबावर नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाचा अध्याय म्हणून सगळ्यांना पाठ असतो, पण बहुतेक जण चौतिसाव्या ओळीपाशी थांबतात. तिथे विश्वासाने काही जण तलवारीच्या धारेतून वाचले असं आहे. तीनच ओळींनंतर, सदतिसाव्या ओळीत, काही जण तलवारीने मारले गेले. दोघांचाही विश्वासच होता, आणि पुढे लिहिलं आहे की विश्वासाबद्दल या सगळ्यांची साक्ष चांगली असूनही त्यांना वचनाप्रमाणे फळ मिळालं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बाराव्या अध्यायात हेरोद याकोबाला तलवारीने मारतो आणि त्याच दिवसांत पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. दोघांसाठी प्रार्थना करणारी मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, एकच होती. याकोबासाठी त्यांनी कमी प्रार्थना केली असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. का वाचला आणि का नाही, हे शास्त्र तिथे सांगत नाही. जिथे शास्त्र गप्प आहे तिथे प्रार्थनासभेतल्या कोणी बोलू नये.

आणि विश्वास खरोखरच डळमळत असेल तर? मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साह्य करा. येशूने त्याला परत पाठवलं नाही. मुलगा बरा केला.

मग हे वचन आपलं आहे की फक्त यहूद्यांचं? बायबलच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. ते आधी त्यांचं आहे, आणि आपल्याकडे येतं ते येशूमधून येतं. प्रेषित पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहितो की देवाची जितकी वचनं आहेत तितक्यांना ख्रिस्तामध्ये 'होय' आहे. म्हणजे बंदिवासात आपल्या लोकांना न विसरणारा देव तोच आहे, त्याचा स्वभाव तोच आहे, आणि त्या स्वभावावर तुम्ही आज भार टाकू शकता. तारीख मात्र तुम्ही ठरवू शकत नाही, आणि कशाच्या रूपात भलं येईल तेही नाही. बारावी ते चौदावी ओळ वाचा : तुम्ही मला हाक माराल, मी ऐकेन, मनापासून शोधाल तर मी सापडेन. नोकरी, घर, परतणं या सगळ्याच्या आधी देव स्वतःला देऊ करतो. तुमच्या वर्षभराच्या प्रार्थनेला उत्तर आलंच नाही असं म्हणण्याआधी एवढं बघा की कारखाना बंद झाला त्या रात्री तुम्ही कोणाशी बोललात. मला लिहिलेल्या प्रश्नातही तुम्ही देवाशी भांडता आहात, त्याला सोडून गेलेल्या नाही.

आता एक सावधगिरी, आणि ती मी मोठ्या आवाजात सांगतो. घरात अडचण आली की हनन्या दारात येतो. "चाळीस दिवसांत दार उघडेल, एवढं बीज पेरा" असं सांगून पैसे मागणारा माणूस फोनवर भेटेल, मोठ्या सभेत भेटेल, कधी ओळखीतलाच कोणी असेल. हजार विड्या वळायला तुमचा दिवस जातो, त्यातून नापास विड्या बाजूला पडतात ते वेगळंच. त्या पैशावर मुलाच्या परीक्षेची फी आणि ज्वारी यांचा हक्क पहिला आहे. अर्पण आनंदाने, जमेल तेवढं, आपल्या मंडळीत द्या. देवाशी सौदा म्हणून एक रुपयाही देऊ नका. यिर्मयाच्या पत्रातच, आठव्या-नवव्या ओळीत, देव म्हणतो, तुमच्यातल्या संदेष्ट्यांना भुलू नका, मी त्यांना पाठवलेलं नाही. आणि नुसतं वचन तोंडात असणं हा पाठवल्याचा पुरावा नाही. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो : देवदूत तुला झेलतील, उडी टाक. शब्द बरोबर होते. येशूने त्याला दुसरं वचन सांगितलं, अनुवाद ६:१६, देवाची परीक्षा पाहू नको. एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून बघायचा, हे येशूने तिथे करून दाखवलं.

याच कारणासाठी यशया ५३:५ बद्दलही दोन शब्द. 'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळालं' हे धरून मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करणारी माणसं आपल्या मंडळ्यांत आहेत. तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या बायकांना खोकला काही नवा नाही, म्हणून खास सांगतो. पौलाने आपला सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, दुसरा सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून तो पुढे गेला, आणि तिसरा, एपफ्रदीत, मरणाच्या दारापर्यंत आजारी होता. पौलाला यशया ५३ माहीत नव्हतं का? प्रार्थना करा, मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून घ्या, याकोब ५ मध्ये तसं सांगितलंच आहे, आणि डॉक्टरने दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. क्षयाचं औषध मध्येच सोडलं तर तो आजार औषधाला दाद देईनासा होतो.

तुम्ही विचारलंत, वाचायचं कसं. फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चारच अध्याय आहेत. मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत होतं. एकदम पूर्ण वाचा. हे कोण लिहितो आहे, कुठून, कोणाला, त्यांच्यात काय चाललं आहे, एवढं स्वतःला विचारत वाचा. लिहिणारा बेड्यांत आहे हे पहिल्याच अध्यायात कळेल. मग चौथ्या अध्यायातली तेरावी ओळ येईल, जी रिक्षांच्या मागे असते : मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो. परीक्षेला जाताना मुलं ती म्हणतात. म्हणू देत. पण अकरावी आणि बारावी ओळ वाचल्यावर पौलाचं 'सर्व काही' म्हणजे काय ते समोर येतं : भरलेल्या पोटी राहणं, उपाशी राहणं, मुबलकता आणि टंचाई, या सगळ्यात टिकून राहायला तो शिकला आहे. जिंकण्याबद्दल तो तिथे बोलत नाहीच.

आणि चौदावी ओळ. ही ओळ मी कोणत्याही कॅलेंडरवर छापलेली पाहिली नाही, आणि तुमच्यासाठी तीच आज सगळ्यात महत्त्वाची आहे. 'तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत.' ख्रिस्ताच्या सामर्थ्याने सर्व सोसू शकणारा पौल दुसऱ्याच ओळीत मंडळीच्या मदतीचा उल्लेख करतो. फिलिप्पीच्या लोकांनी एपफ्रदीताबरोबर मदत पाठवली होती, त्याआधी थेस्सलनीकातही पाठवली होती. पौलाने ती परत केली नाही, माझा देव मला पुरेसा आहे असं म्हणून हात मागे घेतला नाही. ती सुवासिक अर्पण आहे असं म्हणाला. तेरावी ओळ एकट्याने जगण्यासाठी वापरली की चौदावी मरते. तुमच्या मंडळीने तुम्हाला तेरावी दिली आणि चौदावी दिली नाही. यात कमी पडलं ते तुमच्याकडून नाही.

रोजच्या वाचनाचं म्हणाल तर विडी वळताना दोन्ही हात गुंतलेले असतात, मांडीवर सूप असतं, पुस्तक कुठे धरणार? पवित्र शास्त्राचं मराठी वाचन मोबाइलवर ऐकायला मिळतं. मुलाला लावून द्यायला सांगा आणि एकच अध्याय आठवडाभर रोज ऐका. सात दिवसांत सात अध्याय ऐकण्यापेक्षा हे बरं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधी कानावरून गेलेलं काहीतरी अडकतं. जे अडकलं त्यावर संध्याकाळी कुटुंबप्रार्थनेत दोन मिनिटं बोला. नवऱ्यालाही विचारा, तुम्हाला यात काय खटकलं? खटकलेलं बोलायला घरात परवानगी असावी. वाचताना बरं वाटलं नाही तरी चालेल. कधी वचन झोंबतं, कधी काहीच होत नाही, तरी ऐकत राहा.

पहिला आठवडा स्तोत्र १३ घ्या. सहाच ओळी आहेत, पहिल्या दोन ओळींत 'किती वेळ' हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला असं विचारायची मुभा शास्त्रानेच दिली आहे, म्हणून ते शब्द तुमचे म्हणून वापरा. मग यिर्मया २७ ते २९ एकत्र ऐका, सलग, गोष्ट ऐकावी तसं. त्यानंतर विलापगीताचा तिसरा अध्याय. 'त्याची दया रोज सकाळी नवी होते' ही ओळ जळालेल्या यरुशलेमच्या राखेत बसून लिहिली आहे, हे मनात धरून ऐका.

भिंतीवरचं कार्ड काढू नका. त्याच्या खाली पेनाने लिहा : 'ओळी ५ ते १४ वाच.' नव्या वर्षाला कार्ड उचलायची आपली पद्धत मला आवडते, माझ्या आईनेही तशी कार्डं जपली. पण संध्याकाळी घरी येऊन तो अध्याय पूर्ण वाचला नाही तर ती पद्धत चिठ्ठी काढण्यासारखी होते, आणि परमेश्वर चिठ्ठ्यांतून बोलायला बांधलेला नाही.

पाचवी ओळ तुमच्या घरात आज कशी पाळायची, तेही सांगतो, कारण अर्थ समजून काम तसंच राहिलं तर उपयोग काय. मुलाला दोन विषयांची पुरवणी परीक्षा द्यायला लावा, त्याचा अर्ज वेळेत भरा, आणि तो पास होईल अशी वचनाची हमी त्याला देऊ नका. त्याला सांगा की नापास झाल्याने देवाचा त्याच्यावरचा संकल्प रद्द होत नाही. नीतिसूत्रांतलं 'मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे' हेही सूत्र आहे, शहाणपणाचा नियम आहे. मुलाच्या प्रत्येक घसरणीला आईला जबाबदार धरण्यासाठी ते लिहिलेलं नाही. नवऱ्याला कारखान्याकडून किती येणं आहे, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी, याची कागदपत्रं बघा. कामगारांची देणी मागणं हे अविश्वासाचं लक्षण नाही, मजुरी दाबून ठेवणाऱ्यांविरुद्ध याकोब ५:४ किती कडक आहे ते वाचा. तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर मुलाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करा. चाळीस वर्षांच्या माणसाला दुसरं काम शिकावं लागणं हे अपमानाचं वाटतं, बाबेलात गेलेल्या कारागिरांनाही वाटलं असणार. त्यांना सल्ला मिळाला तो मळा लावण्याचा.

आणि सातवी ओळ. सोलापूरसाठी प्रार्थना करा, नाव घेऊन करा. नळाला चार-चार दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी, बंद पडलेल्या मागांसाठी, तुमच्याबरोबर विड्यांचा हिशेब द्यायला रांगेत उभ्या राहणाऱ्या तेलुगू आणि मुसलमान बायकांसाठी. शेजारची बाई सिद्धेश्वराच्या गड्ड्याला जाताना तिचं तान्हं तुमच्याकडे सोडत असेल, तर ते सांभाळणं हेही त्या ओळीत बसतं. पत्र मिळालेल्या लोकांच्या शेजारी तर परके देव मानणारे बाबेलकर होते, त्यांचंच भलं चिंतायला देवाने सांगितलं.

राहिलं फिलिप्पैकरांस पत्रातल्या चौदाव्या ओळीचं. येत्या रविवारी उपासनेनंतर तुमच्या पाळकांना आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एखाद्या विश्वासाच्या माणसाला गाठा आणि घरात किती दिवसांचं धान्य आहे ते स्पष्ट सांगा. 'प्रार्थना करा' एवढंच म्हणून परत येऊ नका. याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे' एवढंच म्हणून पाठवणाऱ्या मंडळीचा विश्वास निर्जीव म्हटला आहे. लाज वाटली तर महिला मंडळातल्या एखाद्या बाईला बरोबर घ्या. आणि पंच वाचत असतील तर त्यांच्यासाठी : या बहिणीला वचनाचं कार्ड मंडळीने दिलं आहे, तेव्हा तिच्या घराची शिधापत्रिका, मुलाची फी आणि नवऱ्याच्या कामाची चौकशी हीसुद्धा मंडळीच्या पुढच्या बैठकीत विषय म्हणून घ्या.